जागा सोडून बसलेल्या बायका

तेजल मयेकर माझ्या वर्गात होती तेव्हा तिला एका जागी बसवणं म्हणजे कोंबड्या राखण्यातला प्रकार होता. तीच तेजल आता लग्नांचे फोटो काढते आणि नवरानवरीला तासभर एका जागी उभं करून ठेवते. शाळेतल्या पोरांबद्दल भाकीत करू नये, एवढं मी या नोकरीत शिकले. तरी अजून करतेच.

शनिवारची सकाळची शाळा आटपून मी घरी येते न येते तोच ही दारात. खांद्याला पिशवी, काखेत लॅपटॉप.

“बाई, आजी आहेत ना?”

“आहेत. म्हणजे काम माझ्याकडे नाही, आजीकडे आहे. चपला बाहेर काढ आणि ये.”

आजी म्हणजे माझी आई, सुंदराबाई तांबे. पंच्याहत्तरीची असेल, नक्की साल तिलाही ठाऊक नाही. मी रत्नागिरीत नाचणे भागात घर केलं तेव्हापासून ती माझ्याकडे असते. घर माझ्या नावावर आहे आणि राज्य तिचं. त्या दुपारी ती पडवीत कडवे वाल सोलत बसली होती.

तेजलचे आजोबा म्हणजे बाबल्या फोटोवाले. त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. रत्नागिरीत दुकान होतं, पण माणूस दुकानात कमी आणि एसटीत जास्त. कॅमेरा घेऊन गावोगाव हिंडायचे. गेल्या वर्षी ते वारले आणि माळ्यावरच्या ट्रंकेत तेजलला त्यांच्या निगेटिव्ह सापडल्या. त्यांतल्या एकाहत्तरच्या लढाईच्या दिवसांतल्या निवडून ती डिसेंबरात शहरात प्रदर्शन भरवणार होती. सगळे फोटो काळेपांढरे आणि सगळे बायकांचे.

“लढाई म्हटली की लोकांना रणगाडे दिसतात,” ती म्हणाली. “आजोबांनी इथल्या बायका काढल्या. बघा तरी.”

आईने वालांची परात बाजूला सारली, पदराला हात पुसले आणि लॅपटॉपसमोर बसली. मीही मागे उभी राहिले. जेवण राहिलं ते राहिलंच.

पोफळीच्या वसाहतीत बायका खिडक्यांच्या काचांना काळा कागद डकवत होत्या. एकीच्या गालाला खळ लागली होती आणि दुसरी तिला ती बोटाने दाखवत होती.

“पोफळीला वीज करतात ना गो?” आईने विचारलं. “ते पण काळोखातच बसले व्हते काय?”

“हो, आजी. विमानांना उजेड दिसू नये म्हणून.”

“बरं झालं. मला वाटलं व्हतं, फक्त आमीच बसलो.”

मग भाट्याचा किनारा आला, माशांच्या पाट्या डोक्यावर घेतलेल्या बायका आणि मागे अर्धे दिवे काळे रंगवलेला ट्रक. मग रॉकेलची रांग. पेंढ्याची उडवी रचणारी एक म्हातारी, जिला लढाईशी काही देणंघेणं दिसत नव्हतं. एका ओट्यावर रेडिओ मांडलेला, भोवती बायका दाटीवाटीने बसलेल्या आणि एकजण मागे उभी राहून निवांत डोकं खाजवतेय. मला फोटोतलं फारसं कळत नाही, पण त्या डोकं खाजवणाऱ्या बाईसाठी मी बाबल्याकाकांना पैकीच्या पैकी दिले असते.

“आता हे बघा,” तेजल म्हणाली. “याचंच कोडं पडलंय. हे पालीच्या शाळेच्या पडवीत काढलेत. आजी, तुमची वाडी तिथलीच ना? ह्या बायका अशा एका बाजूला सरकून का बसल्यात?”

एकामागून एक फोटो आले. तेच बाकडं, मागे तोच पडदा, आणि बाकड्याच्या एका टोकाला एक बाई. उरलेलं बाकडं रिकामं. बायका मात्र ताठ, नीट पदर घेतलेल्या, कॅमेऱ्याकडे डोळे रोखलेल्या.

“आणि सगळ्यांचं लुगडं एकच. तेव्हा काही गणवेश होता का?”

आई हसायलाच लागली. “गणवेश कसला, बाय. सखूचं लुगडं ते. वाडीत चांगलं तेवढंच. एक उठली की दुसरीनं वर्गात जाऊन नेसायचं. शेवटाला सखू स्वतः बसली, तवा लुगड्याचा चोळामोळा झालेला. तिनं सगळ्यांना शिव्या घातल्यान.”

“आणि रिकामी जागा?”

“ती नवऱ्याची. आमच्या सगळ्यांचे मिलिटरीत. बाबल्या सांगायचा, जागा सोडून बसा. मंग घरात नवऱ्याचा एकटा फोटो असेल तो घेऊन जायचा, कापून आमच्या शेजारी बसवायचा आणि परत फोटो काढायचा. जोडफोटो. कळणार पण नाय तुला, इतका...”

बोलता बोलता ती थांबली. वळून माझ्याकडे तिने पाहिलं नाही, आणि तिच्या त्या न वळण्यावरून पुढे काय येणार ते मला कळलं. तेजलचं बोट मात्र चालूच होतं. पुढचा फोटो आला. एक पोरसवदा बाई, तेच लुगडं, मांडीवर झालरीच्या फ्रॉकातलं तान्हं मूल, आणि शेजारी रिकामं बाकडं.

ते मूल मी. तो फ्रॉक मी ओळखते, कारण तो फोटो मी आयुष्यभर बघत आलेय.

आमच्या बाहेरच्या खोलीत बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी आहेत, आणि त्यांच्या खाली तो फोटो. आई, तिच्या मांडीवर मी, आणि शेजारी लष्करी शर्टातले माझे बाबा, काशीराम तांबे, मान किंचित आमच्याकडे वळवलेली. मी झाले तेव्हा ते पंजाबकडे होते, आणि एकाहत्तरच्या डिसेंबरात तिथेच गेले. सात तारखेला. आमच्याकडे सहा डिसेंबरला बाबासाहेबांसाठी मेणबत्ती लागते आणि सातला बाबांसाठी. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी सलग दोन दिवस लावतात.

शाळेत एका पोरीने भांडणात मला ऐकवलं होतं, “तुझ्या बापानं तुला बघितलंसुद्धा नाय.” मी तिला वेणीला धरून आमच्या घरापर्यंत ओढत आणलं आणि फोटोसमोर उभं केलं. हे बघ. ही मी, हे बाबा, शेजारी शेजारी. ती रडत घरी गेली आणि तो विषय तिथे संपला. मधेच कधीतरी बाबा सुट्टीवर आले असणार, आम्ही तिघं फोटो काढायला गेलो असणार, एवढं मी मनाशी जुळवून टाकलं होतं. वडील नसलेल्या पोरीला आणखी काय लागतं? त्यांनी मला एकदा पाहिलं होतं. बस झालं.

तेजल उठून भिंतीवरच्या फोटोजवळ गेली. तिला वाटलं, ती मला एक गंमत दाखवतेय.

“बाई, बघा ना, काय हात होता आजोबांचा. बटणं उलट्या बाजूला आहेत, बायकांच्या ब्लाउजसारखी. तुमच्या बाबांच्या मूळ फोटोत मान दुसरीकडे वळलेली असणार. तसाच जोडला असता तर आजींकडे पाठ झाली असती. म्हणून त्यांनी बाबांना उलटं करून बसवलंय. आरशात दिसतो तसं.”

“तेजल,” मी म्हटलं, “चहा नंतर कधीतरी घेऊ. आता तू जा.”

ओरडा खाल्लेल्या चौथीतल्या पोरीसारखा तिने लॅपटॉप मिटला आणि ती गेली. मुलगी गुणाची आहे, काहीतरी चुकलं हे तिला कळलं होतं, काय ते कळलं नव्हतं.

मी आईसमोर खुर्ची ओढून बसले. ती परत वाल सोलायला लागली होती.

“आई, बाबांनी मला पाहिलं होतं की नाही?”

“नाय,” ती म्हणाली.

एवढंच. मला वाटलं होतं ती काहीतरी सारवासारव करेल. माझा राग नाकावर बसलेला असतो, शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या एका ‘नाय’ने तो डोक्यात गेला.

“आणि एवढी वर्षं तू मला खोटं सांगत राहिलीस.”

“मी कवा सांगितलं? तू सांगायचीस. बाबांनी माझा फ्रॉक धरलाय, बाबा माझ्याकडे बघतायत. शाळेतनं आलीस की त्या फोटोसमोर उभी राहून दिवसभराचं बोलायचीस. कोणी मारलं, कोणाला मारलंस, किती मार्क पडले. मी काय त्यातनं माणूस उठवून नेऊ?”

मी मग दुसरीकडून शिरले.

“वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं?”

“सगळ्यांना.”

आमच्या वाडीत कुणाची कोंबडी अंड्यावर बसली तरी संध्याकाळपर्यंत पालीच्या बाजारात बातमी जाते. त्या वाडीतल्या एकाही बाईने मला हे कधी सांगितलं नाही. शिव्या देणाऱ्या सखूकाकीनेही नाही. त्या भांडखोर पोरीच्या आईने तर म्हणे त्या दिवशी स्वतःच्याच पोरीला चोपलं होतं.

“आणि भांग?” मला एकदम आठवलं. “बाबांचा भांग उजवीकडे आहे म्हणून अभयचा भांग मी जन्मभर उजवीकडे पाडला. आजोबांसारखा. तो अजून तसाच पाडतो, मुंबईत कचेरीत जाताना.”

“त्यांचा डावीकडे व्हता.”

“आणि तू बघत बसलीस?”

“चांगला दिसायचा त्याला,” आई म्हणाली.

मला हसू आलं आणि त्याच्याबरोबरच रडूही आलं, आणि दोन्ही एकाच वेळी करताना माणूस फार बावळट दिसतो, म्हणून मी उठून पाणी प्यायले. परत आले तेव्हा आईने परात खाली ठेवली होती.

“तू झालीस ती तार त्यांना पोचली व्हती,” ती म्हणाली. “त्यांच्यासंगचा माणूस नंतर भेटायला आला, त्यानं सांगितलान. पलटणीत गूळ वाटलान म्हणे. फोटो पाठव म्हणून निरोप व्हता त्यांचा. तू कशी दिसतेस ते बघायचं व्हतं. म्हणून मी जाऊन बसले. मला वाटलं, नुसतं पोर कशाला, सगळीच दिसू दे एका जागी.”

“मग पाठवला का नाही?”

“फोटो तयार व्हायच्या आदी ती दुसरी तार आली. लढाई संपली म्हणून पालीत साखर वाटली, आणि मंग आमच्याकडे तार. बाबल्या फोटो घेऊन आला, तो अंगणातच उभा राहिला. द्यावा का नको, त्याला कळेना. मीच हातातनं घेतला.”

बाहेर शेजारचा रितेश गाडी धूत होता, त्याच्या पाण्याचा आवाज येत होता.

“त्या पोरीला सांग,” आई म्हणाली, “लाव म्हणावं माझा फोटो. जागा रिकामी असलेला. पण मघाचा नको, हसण्याचा लाव. बाबल्यानं माझे दोन काढलान.”

“हसण्याचा कुठला?”

मग तिने सांगितलं. रिकाम्या बाकड्याशेजारी बायका खांबासारख्या बसायच्या, म्हणून बाबल्याकाका त्या रिकाम्या जागेशी बोलायचे. काशीरामभाऊ, जरा आत सरका. काशीरामभाऊ, इकडे बघा, बायकोकडे घरी गेल्यावर बघा. आईने हसू दाबून एक फोटो दिला, तोच पुढे जोडला गेला. दुसऱ्या वेळी वाऱ्याने मागच्या पडद्याचा एक कोपरा सुटला. तेव्हा बाबल्याकाका त्या मोकळ्या जागेवर खेकसले, काशीरामभाऊ, बसून काय राहिलात, पडदा धरा की. आई खो खो हसली आणि तेवढ्यात त्यांनी बटण दाबलं.

“तो लाव म्हणावं. आणि खाली विधवा-बिधवा, शहिदाची कोण, असलं काय लिहू नको म्हणावं. त्या दिवशी ते जिते व्हते. सहा तारखेच्या आदीची गोष्ट ती. सहाला विहारात गेलो तवा सखू मला चिडवत व्हती, काशीरामभाऊ पडदा धरा म्हणून. मला पक्कं ठाऊक हाय.”

“बरं. सांगते.”

“नीट सांग. माणूस गेल्यावर दात काढणारी बाय नाय मी. ते जिते व्हते तवा हसले, ते त्यांच्या वाटचं हसणं. त्याच्या मागनं किती वरसं हसले नाय, तुला म्हायती.”

माहिती होतं. माझ्या लहानपणातली आई म्हणजे मिटलेलं तोंड आणि चालते हात. ती हसते हे मला अभय झाल्यावर कळलं. तेव्हा मला वाटायचं, काहींचा स्वभावच असतो. आता बसून विचार केला तर तो स्वभाव नव्हता. आपण इकडे खिदळत होतो आणि आपला माणूस तिकडे पडला, असं होऊ नये एवढीच एक गोष्ट तिने सांभाळली होती, आणि ती तिच्यापुरती पक्की होती. ते हसणं तिने गाठीला बांधून ठेवलं होतं.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी तेजलच्या दुकानात गेले. आधी मी तिची माफी मागितली. मला ती फारशी मागता येत नाही, त्यामुळे तिला ती आहे हे कळायला वेळ लागला. मग आईचा निरोप सांगितला.

“हसण्याचा? तो तर माझा सगळ्यात आवडता,” ती म्हणाली. “दारात मोठा करून लावायचं ठरवलंय. तुम्ही नाही म्हणाल म्हणून घाबरत होते.”

तिने तो मोठ्या स्क्रीनवर लावला.

वीस वर्षांची एक पोरगी, डोकं मागे टाकून, सगळे दात दाखवून हसत होती. मांडीवरचं पोर, म्हणजे मी, आ वासून तिच्याकडे बघत होतं. तिचा एक हात बाकड्यावर रिकाम्या जागेत टेकलेला होता. शेजारी माणूस असता तर त्याच्या मांडीवर चापट बसली असती, असा. भिंतीवरच्या फोटोत मी कायम बाबांकडे बघत आले. आईकडे कधी बघितलंच नव्हतं. ती तर समोरच असायची, चुलीपाशी, विहिरीपाशी, तिच्याकडे फोटोत काय बघायचं? आणि ही बया इतकी देखणी होती आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

“सुंदर आहे ना?” तेजल म्हणाली.

“हो गं,” मी म्हटलं, आणि मग माझी नजर मागे गेली.

पडद्याचा कोपरा सुटलेला, आणि त्याच्या मागे भिंतीला टेकवलेला फळा. पडवीत बसणाऱ्या एखाद्या इयत्तेचा असणार. शिक्षकाला कुठेही फळा दिसला की तो आधी वाचतो, त्याला इलाज नाही. वर सुविचार होता, पाणी गाळून प्यावे. मास्तरांचं अक्षर चांगलं होतं. त्याच्याखाली उजव्या बाजूला, आजही माझ्या शाळेत रोज लिहितात तसं, वार आणि दिनांक.

वार शुक्रवार. दिनांक १०-१२-७१.

मी पुन्हा वाचलं. मग चष्मा पुसून आणखी एकदा वाचलं. मास्तर तारीख बदलायला विसरले असतील म्हणावं, तर मास्तर पुढची तारीख कशाला लिहितील?

“बाई, काय झालं? बसा.”

मी स्टुलावर बसले. बाबा सातला गेले होते. हे हसणं दहाचं होतं. बाबल्याकाका ज्याला पडदा धरायला सांगत होते, तो माणूस तेव्हा उरलाच नव्हता. आणि आई हसत होती, आणि सखूकाकी चिडवत होती ते सहाला नाही, पुढे कधीतरी दुसऱ्याच दिवशी. इतक्या वर्षांत आठवणींचे दिवस इकडचे तिकडे झाले होते आणि तिने ते आपल्याला हवे तसे लावून घेतले होते.

मी तेजलला सगळं सांगितलं. आई काय म्हणाली, तिच्या शब्दांत सांगितलं. सांगताना माझा आवाज नीट राहिला नाही.

“हा फळा काप,” मी म्हटलं.

ती हळूच म्हणाली, “बाई, मला तुमच्याशी वाद नाही घालायचा. पण बाकीच्या कुठल्याच फोटोवर तारीख नाही. एवढ्या एकावर आहे. हे नुसते जुने फोटो नाहीत, लढाई चालू असतानाचे आहेत, हे या फळ्यामुळे तर दाखवता येतं. तुम्हीच शिकवलंत ना, पुरावा हवा.”

“शिकवलं. आणि ते बरोबरच आहे.”

“मग कापलं तर ते खोटं नाही होणार?”

“तुझ्या आजोबांनी माझ्या आईशेजारी अख्खा माणूस आणून बसवला,” मी म्हटलं. “त्याची मान वळवली, त्याचा भांग बदलला. आणि तुला एक फळा हलवता येत नाही?”

ती हसली नाही. तिने स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “आजींना वाचता येतं?”

“मीच शिकवलं. पेपर वाचते रोज. मोठ्या अक्षरातला फळा ती आधी वाचेल.”

माउस सरकवून तेजलने फोटोची उजवीकडची कड आत आणली. पडद्याचा सुटलेला कोपरा राहिला, फळा गेला. आई होती तिथेच हसत होती. मूळ निगेटिव्ह जशीच्या तशी ठेवीन, फेकणार नाही, एवढं तेजलने मला बजावून सांगितलं, आणि मी म्हटलं, ठेव बाई, नंतर कोणाला हवी तर बघू दे, आईच्या माघारी.

त्या वर्षी सहाला आम्ही मेणबत्ती लावली आणि सातलाही. बाबांच्या फोटोसमोर उभं राहून मला पहिल्यांदाच काय बोलावं ते कळेना. मग मी त्यांना शाळेतलं सांगितलं, नेहमीसारखं. सवय जात नाही, आणि का जावी?

प्रदर्शन त्याच्या पुढच्या रविवारी उघडलं. आई नवं लुगडं नेसली आणि सखूकाकीच्या लुगड्याची गोष्ट तिने रिक्षावाल्यापासून सुरू केली. सखूकाकी जाऊन आता बरीच वर्षं झाली, नाहीतर तिलाही नेलं असतं.

दारातच तो फोटो होता, माणसाएवढा. खाली एवढंच, सुंदराबाई काशीराम तांबे आणि मुलगी करुणा, पाली. आई त्याच्यासमोर उभी राहिली. मी तिच्या कोपराला धरलं होतं. तिने सगळा फोटो वरपासून खालपर्यंत पाहिला, आणि मग ती ज्या जागी तिचा हात टेकला होता तिथे बघत राहिली. मला वाटलं ती रडेल. तिचे डोळे भरले, पण तोंड हसत होतं, आणि आता पंच्याहत्तरीतही ते त्या फोटोतल्यासारखंच दिसत होतं.

कॉलेजच्या मुली घोळक्याने आल्या होत्या. त्यांतल्या एकीने ओळखलं.

“आजी, ह्या तुम्ही? किती छान हसताय. आणि ही शेजारची जागा?”

“आमच्या मालकांची,” आई म्हणाली. “तवा ते लढाईवर व्हते. जिते व्हते. म्हणून हसतेय.”

“कधीचा आहे हा?” दुसरीने विचारलं. तिने मोबाइल काढला होता, लिहून घ्यायला असावा. “खाली तारीख नाहीये.”

आईने माझ्याकडे बघितलं. “सांग गो. मला तारीख नाय येत. सहाच्या आदीची हाय ना?”

तेजल पलीकडे कुणाशी तरी बोलत होती. ती बोलायची थांबली. आई माझ्याकडे बघत होती, लहान पोर परीक्षेचा कागद हातात देऊन बघतं तशी, आणि मला दिसलं की तिला स्वतःलाही पूर्ण खात्री नव्हती. कधीच नसावी.

“पाच डिसेंबरचा,” मी म्हटलं, वर्गात सांगते तशा मोठ्या आवाजात. “एकाहत्तर सालचा. रविवार होता. शाळेला सुट्टी, म्हणून तर पडवी मोकळी मिळाली.”

मुलीने ते लिहून घेतलं. आईने श्वास सोडला आणि मान डोलावली.

“हां,” ती त्या मुलीला म्हणाली. “रविवारच व्हता. शाळेत एक पोर नव्हतं. मला आठवतं ना.”

“हो आई,” मी म्हटलं, आणि तिला पुढच्या फोटोकडे घेऊन गेले.